सरांचं शिफारसपत्र

आमचे सर मॅच बघत नसत. मैदानाकडे पाठ करून घडीच्या खुर्चीत बसायचे आणि बाकावरच्या राखीव मुलींकडे बघत राहायचे. मागे टाळ्या वाजल्या की मान न वळवता विचारायचे, "कोन गेली?" कुणीतरी सांगायचं, आपली वैजू होमपर्यंत पोचली, रन झाला. "हां," एवढंच म्हणायचे, आणि समोरच्या एखादीला विचारायचे की तू टाळी का नाही वाजवलीस. त्यांचं म्हणणं असं की मैदानात असताना सगळ्याच मुली शहाण्या असतात. खेळायला मिळालं नाही की मग कळतं कोण कशी आहे, आणि कॉलेजवाले तेच बघायला येतात.

कॉलेजवाले म्हणजे कोण, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. पेणच्या आमच्या शाळेत बारावीपर्यंतचे वर्ग होते आणि सर पीटी शिकवायचे. राहायचे रोह्याला. रोज सकाळच्या पॅसेंजरने यायचे. मी कासूला त्याच गाडीत चढायचे आणि सरांना दिसणार नाही अशा डब्यात बसायचा प्रयत्न करायचे, कारण दिसले की ते इंग्रजीतल्या काळांबद्दल विचारायचे.

सॉफ्टबॉल आमच्याकडे चुकून आला. शाळेने सरांना उन्हाळ्यात एका शिबिराला खो-खोसाठी पाठवलं होतं. सर पोचले दुसऱ्या दिवशी. तोवर खो-खो भरला होता, व्हॉलीबॉल भरला होता, एका सॉफ्टबॉलला कुणी गेलं नव्हतं. दहा दिवसांनी सर चार ग्लोव्हज, एक बॅट, दोन चेंडू आणि नियमांचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन परत आले. त्या पुस्तकाचं त्यांनी स्वतः मराठी केलं. एका बेसवरून, म्हणजे धावताना थांबायच्या जागेवरून, दुसऱ्या बेसवर गुपचूप पळण्याला इंग्रजीत चोरी म्हणतात, तर सरांनीही चोरीच लिहिलं. एका सोमवारी शाळेच्या फळ्यावर सूचना लागली, "उद्या सायंकाळी चोरीचा सराव. सर्व मुलींनी वेळेवर हजर राहावे." हेडमास्तरांनी त्यांना बोलावून घेतलं. सर पुस्तक घेऊन गेले आणि नियम वाचून दाखवून आले. सूचना तशीच राहिली.

बेस म्हणून आम्ही पोती वापरायचो. ती वैजूच्या बाबांनी दिली होती. ते वडखळच्या पलीकडे मिठागरावर काम करायचे. पोत्यांत भुसा भरला होता, पण आधी वर्षानुवर्षं मीठ भरलेलं. घसरत येऊन बेस गाठला की खरचटलेल्या गुडघ्याला असं झोंबायचं की पुढची घसरण विचार करूनच घ्यावी लागायची.

वैजू, म्हणजे वैजयंती, आमची पिचर. मी कॅचर. ती हात चाकासारखा फिरवून खालून चेंडू सोडायची आणि मी तो ग्लोव्हमध्ये धरायचे. दोन वर्षं माझा डावा तळहात सुजलेलाच होता. तिच्यासारखं फेकणारी मुलगी अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. हे तिला माहीत होतं आणि तिला ते माहीत आहे याचंच सरांना टेन्शन होतं.

सरावात सरांनी एक नियम घातला होता, जो त्या इंग्रजी पुस्तकात नव्हता. पहिल्या बेसवर पोचलं की गणिताचा प्रश्न, दुसऱ्यावर इतिहासाचा आणि तिसऱ्यावर ज्या विषयात आपण कच्चे त्याचा. उत्तर आलं नाही तर पुढे धावायचं नाही. खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश मिळतो म्हणून पोरी अभ्यास सोडतात, हे त्यांचं दुःख होतं. "तो कॉलेजवाला आधी मार्कशीट मागनार," ते म्हणायचे. "हात मागाहून बघनार." वैजू इंग्रजीत कच्ची. एका संध्याकाळी ती तिसऱ्या बेसवर अडकली. सरांनी 'टीच'चा भूतकाळ विचारला होता. ती "टीच्ड" म्हणाली. सरांनी नकारार्थी मान हलवली. तिच्या टीमचा डाव संपला, आमचा संपला, आम्ही सामान भरलं, तरी ती पोत्यावर उभीच. आम्ही फाटकापाशी आलो तेव्हा मागून ओरडली, "टॉट," आणि रिकाम्या मैदानातून होमपर्यंत, म्हणजे शेवटच्या बेसपर्यंत, धावत आली. सरांनी वही काढून तिचा रन मांडला. त्या एका रनने तिची टीम जिंकली, पण हे तिच्या टीममधल्या मुलींना दुसऱ्या दिवशी कळलं.

बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर सरांनी आम्हा दोघींना सांगितलं की आता कॉलेजांना पत्रं लिहायची. आम्हाला वाटलं सर लिहितील. ते म्हणाले, खेळणार तुम्ही, राहणार तुम्ही, तर पत्र मी कशाला लिहू. आईबापांनी किंवा मास्तरांनी लिहिलेलं पत्र लगेच ओळखू येतं, त्यात मुलगी फार नम्र असते. मग पेण स्टेशनच्या बाकावर संध्याकाळच्या गाडीची वाट बघत आमचा पत्रलेखनाचा वर्ग सुरू झाला. वैजूची एसटी नंतर असायची, ती माझ्यासोबत स्टेशनवर थांबायची. माझ्या पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी महाराष्ट्रातील एक उत्कृष्ट कॅचर आहे. सरांनी शांतपणे विचारलं, "पनवेलच्या पुढं कदी गेलीस गो?" मी नाही म्हटलं. "मग पनवेलपर्यंतचं लिव." पाचव्या खेपेला पत्र त्यांना पसंत पडलं. त्यात माझं नाव, उंची, दहावीचे मार्क, किती मॅच खेळले, किती चेंडू सुटले आणि तुमच्याच कॉलेजात का यायचंय एवढंच होतं. शेवटचं उत्तर लिहायला मला आठवडा लागला, कारण ते मलाच माहीत नव्हतं.

पत्रं गेल्यावर मुलाखतीची तालीम सुरू झाली. स्टेशनवरच्या पार्सल क्लार्कला सरांनी कॉलेजचा माणूस केलं. तो गृहस्थ हौशी निघाला. चष्मा पुसून, पाय दुमडून बसायचा आणि मनाला येईल ते विचारायचा. एकदा त्याने वैजूला विचारलं की स्वयंपाक येतो का. आम्हाला वाटलं सर रागावतील. सर म्हणाले, हासुद्धा प्रश्न येऊ शकतो, उत्तर तयार पाहिजे. वैजू म्हणाली, "येतो. तुम्हाला येतो का?" सरांनी तिला दहापैकी दहा दिले. क्लार्क पुढचे दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

पण सरांच्या मते मुलाखतीत उत्तरांपेक्षा आपण काय विचारतो ते महत्त्वाचं. त्यांनी आमच्याकडून प्रश्न पाठ करून घेतले. माझ्या जागेवर खेळणाऱ्या तुमच्याकडे आधीच किती जणी आहेत. मॅच आणि परीक्षा एकाच दिवशी आली तर काय करता. गुडघा गेला तर होस्टेलची खोली राहते की जाते. आणि सगळ्यात शेवटचा, जो विचारायला मला फार लाज वाटायची, की तुमच्या टीममधून जी मुलगी सोडून गेली तिचा पत्ता द्या. खेळणाऱ्या मुली कॉलेजबद्दल चांगलंच बोलणार, खरं काय ते सोडून गेलेली सांगेल, असं सरांचं गणित होतं. उत्तर काहीही मिळो, ते कागदावर मागायचं. तोंडी शब्दावर सरांचा अजिबात विश्वास नव्हता. वडेवाल्याने वडे ताजे आहेत म्हटलं तरी त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे जायचा.

पत्रासोबत शिक्षकाची शिफारस जोडावी लागायची. सरांनी ती आमच्यापासून लपवून लिहिली आणि सहीसाठी हेडमास्तरांकडे नेली. ऑफिसचा शिपाई आमच्या गावचा, त्यामुळे पुढचं सगळं मला त्या त्या दिवशी कळत गेलं. हेडमास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "अहो, ही शिफारस आहे की तक्रार?"

"दोन्ही, सर," आमचे सर म्हणाले.

माझ्याबद्दल लिहिलं होतं, "सदर विद्यार्थिनी चेंडू सोडत नाही. संपूर्ण संघाला सांभाळते. हरल्यावर दोन दिवस कोणाशी बोलत नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःहून बोलते, तोवर घाई करू नये. धावण्यास संथ आहे. आपण जलद आहोत असे ती सांगेल." वैजूबद्दल लिहिलं होतं, "हिच्यासारखी पिचर मी पाहिलेली नाही, मात्र मी फार पिचर पाहिलेल्या नाहीत. पहिल्या दोन डावांत चेंडू कुठेही जातो. स्वभावाने रागीट. स्तुती केल्यास बिघडते." हेडमास्तरांनी रागीट खोडून तेजस्वी केलं. सरांनी नवा कागद घेऊन पुन्हा रागीट लिहिलं. मुलगी तिथे गेल्यावर दिसणारच आहे, मग आधी सांगितलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. सही व्हायला तीन दिवस लागले. वैजूला मी यातलं काही सांगितलं नाही.

पत्रं बऱ्याच कॉलेजांना गेली. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं. मुंबईच्या एका कॉलेजच्या जिमखान्याच्या मॅडमनी लिहिलं होतं की जिल्ह्याच्या मॅचेस बघायला त्या रोह्याला येतील.

मॅचेस एका कंपनीच्या ग्राउंडवर होत्या. वारा फिरला की केमिकलचा वास यायचा आणि बाहेरगावच्या टीम नाकाला रुमाल लावायच्या. माझे बाबा रोह्याला कंपनीत होते, फर्स्ट शिफ्ट करून थेट मॅचला आले होते. मॅडम एसटीने आल्या. साधी सुती साडी, हातात छत्री आणि डबा. त्या आमच्या बाकाजवळ येऊन बसल्या आणि शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. आम्हाला वाटलं कुणाची तरी मावशी आहे.

आमचं लक्ष दुसरीकडेच होतं. दुपारी एक जीप आली आणि पांढऱ्या बुटांचा एक माणूस उतरला. तो दुसऱ्या एका मोठ्या कॉलेजचा होता. आमच्या पत्राला त्यांचं उत्तर आलं नव्हतं, पण वैजूची कीर्ती त्याने कुणाकडून तरी ऐकली होती. त्याने तिचे दोन डाव बघितले, सरांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला की ही पोरगी आमची, सीट पक्की समजा. सरांनी विचारलं की तुमच्याकडे पिचर किती आहेत. तो म्हणाला, असल्या गोष्टी नंतर बोलू. सरांनी विचारलं की सीट पक्की आहे ते लिहून द्याल का. तो हसला. "सर, शब्द म्हणजे शब्द," म्हणाला. मग त्याने जीपमधून एक निळा ट्रॅकसूट काढून वैजूला दिला. पाठीवर इंग्रजीत कॉलेजचं नाव होतं. वैजूने तो भर उन्हात युनिफॉर्मवरच चढवला. आमच्यापैकी प्रत्येकीने बाहीला हात लावून बघितला. मीसुद्धा.

फायनल आम्ही एका रनने हरलो. मी तोंडावरचा जाळीचा मुखवटा न काढता बाकावर बसून राहिले. त्या छत्रीवाल्या बाई माझ्या शेजारी सरकल्या आणि म्हणाल्या, "आता दोन दिवस बोलणार नाहीस ना? मग मी परवा येऊ का?"

तेव्हा मला कळलं त्या कोण आहेत, आणि सरांनी लिहिलेलं त्यांनी नीट वाचलंय. मी मुखवटा काढला. पाठ केलेल्या प्रश्नांपैकी मला दोनच आठवले. कॅचर किती आहेत, असं विचारलं. दोन, त्या म्हणाल्या, त्यातली एक शेवटच्या वर्षाला. मग मी मान खाली घालून सोडून गेलेल्या मुलीचा पत्ता मागितला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि एसटीच्या तिकिटामागे पत्ता लिहून दिला. म्हणाल्या, ती माझ्यावर चिडून गेली, तरी तिला विचार. जाताना त्यांनी सांगितलं की दरवर्षी त्यांच्याकडे पत्रांचा गठ्ठा येतो आणि त्यातली प्रत्येक मुलगी उत्कृष्ट, मेहनती आणि सुस्वभावी असते. "तुमच्या सरांची दोनच पत्रं अशी होती, की वाचून मला मुली दिसल्या."

मॅडमना वैजूही हवी होती. त्या तिच्याकडे गेल्या आणि चांगल्या मनाने म्हणाल्या की पहिल्या दोन डावांचं आणि रागाचं आपण बघू, त्यावर काम करता येतं. वैजूने विचारलं, रागाचं कुणी सांगितलं. मग ती निळा ट्रॅकसूट घातलेली तशीच सरांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"तुमी मना रागीट लिवलंत?"

"व्हय."

"त्या मान्सानं मना पाच मिन्टं बघितलं नि चँपियन म्हनला. तुमी दोन वर्सं बघताव."

वैजू म्हणाली, मी तिकडंच जाणार. सर एवढंच म्हणाले, "कागद घे त्याच्याकडून." तिने तो घेतला नाही. बारावीची परीक्षा होईपर्यंत ती सरांशी बोलली नाही आणि माझ्याशीही जरा तुटकच वागली.

माझा प्रश्न वेगळा होता. बाबांना मॅडम आवडल्या होत्या, पण मुंबई म्हटलं की ते "बघू" म्हणायचे. पेणला डी.एड. करावं, घरून गाडीने जावं-यावं, असं त्यांच्या मनात होतं. मी ते सरांना सांगितलं. त्या रविवारी सर कासूला आमच्या घरी आले. चहा झाला, मिठागरांवर आणि कंपनीच्या ओव्हरटाइमवर बोलणं झालं. मग सर म्हणाले, "बघू म्हंजे हो का नाय?" बाबा म्हणाले, फर्स्ट क्लास आला तर पाठवतो. सरांनी पिशवीतून एक कागद काढला. तो ते घरूनच लिहून घेऊन आले होते. "मी खाली सही करणार असे लिहून देतो की, माझी कन्या प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्यास तिच्या पुढील शिक्षणास व खेळास माझी कोणतीही हरकत राहणार नाही."

मला वाटलं बाबा सरांना घराबाहेर काढतील. पण बाबा युनियनमधले. त्यांनी बरेच करार वाचले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, पेन घेतलं आणि खाली दोन कलमं वाढवली. मुलीने दर आठवड्याला पत्र लिहावे. एकदाही नापास होऊ नये. सरांनी दुसऱ्या कलमात "एकदाही" खोडून "शक्यतो" करायचा प्रयत्न केला, बाबा ऐकेनात. दोघं अर्धा तास भांडले. शेवटी बाबांनी सही केली.

सर कागदाची घडी घालत होते तेवढ्यात आई आतून आली. "आनि मी? पोर काय एकट्या ह्यांची हाय?"

सर गोंधळलेले मी पहिल्यांदाच बघितले. त्यांनी घडी उलगडली, "मी" खोडून "आम्ही" केलं, "देतो"चं "देत आहोत" केलं आणि कागद आईपुढे धरला. आईने मांडी घातली, पेन दोनदा झटकलं आणि एकेक अक्षर काढत सही केली. सर आणि बाबा बघत होते. सही झाल्यावर ती म्हणाली, माझं बी एक लिवा. दिवाळीला पोर घरी पाहिजे. ते तिसरं कलम झालं. तो कागद रेशनकार्डाच्या डब्यात गेला आणि पुढे बरीच वर्षं तिथे होता.

मला फर्स्ट क्लास मिळाला, वैजूला सेकंड. जूनमध्ये मी मॅडमच्या कॉलेजला गेले, ती पांढऱ्या बुटांच्या कॉलेजला. गणपतीच्या आधी मला सरांचं कार्ड आलं. त्यात दोन ओळी होत्या. "वैजयंती परत आली आहे. तिला पत्र लिही, काही विचारू नकोस."

सगळं तिने मला दिवाळीत सांगितलं. तिथे आधीच पाच पिचर होत्या. प्रवेशाच्या यादीत तिचं नावच लागलं नाही. रोज उद्या ये म्हणायचे. होस्टेल नव्हतं, लांबच्या आत्याकडे राहायची. मैदानावर तिला कडेला उभं करून चेंडू आणून द्यायचं काम दिलं. पांढऱ्या बुटांचा माणूस दोनदा दिसला, पण त्याला तिचं नाव आठवेना. दोन महिन्यांनी ती परत आली. तोवर सगळीकडचे प्रवेश बंद झाले होते.

ती तीन दिवस घरात बसून होती. चौथ्या दिवशी ट्रॅकसूट पिशवीत घालून शाळेच्या मैदानावर गेली आणि ती पिशवी सरांच्या खुर्चीशेजारी ठेवून उभी राहिली. तिला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. सर बाकावरच्या मुलींकडेच बघत होते. मग म्हणाले, "बाय, चूक माझी बी झाली. लिवलं ते खरं होतं. पन पयलं तुला वाचून दाखवायला पायजे होतं. परक्याच्या तोंडून कळलं तुला."

आणि त्यांनी गळ्यातली शिटी काढून तिला दिली. सातवीच्या मुली तिच्याकडे सोपवल्या. दिवसा ती त्यांना शिकवायची, संध्याकाळी सर तिला इंग्रजी शिकवायचे. सरांचं इंग्रजीही बेताचंच होतं, त्यामुळे दोघांची प्रगती बरोबरीने झाली. लहान मुलींना चेंडू कुठेही गेला तरी ओरडायचं नाही, हे शिकताना तिचा स्वतःचा चेंडू पहिल्या डावापासून सरळ जायला लागला. असं ती म्हणते. सर म्हणायचे की ते समोर पोतं ठेवून नेम धरल्यामुळे.

त्या वर्षापासून सरांच्या शिफारसपत्रात एक नवा भाग आला. सगळं लिहून झालं की ते पत्र त्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवायचे. मग खाली रेघ मारून "विद्यार्थिनीचे म्हणणे" असा मथळा द्यायचे आणि तिला पेन द्यायचे. पुढच्या वर्षी मॅडमना वैजूचं जे पत्र आलं त्यात सरांनी पुन्हा रागीट लिहिलं होतं. खाली वैजूच्या अक्षरात होतं, "वरील मजकूर बरोबर आहे. राग आता लवकर उतरतो. स्तुती केल्यास बिघडते हे मात्र मला मान्य नाही, कारण सरांनी स्तुती करून पाहिलेली नाही." मॅडमनी ते मला खोलीवर बोलावून वाचून दाखवलं आणि दोघी हसलो. त्याच दिवशी त्यांनी प्रवेशाचं पत्र कॉलेजच्या शिक्क्यानिशी पोस्टात टाकलं.

जूनमध्ये वैजू आली. तिच्या बाबांना मिठागरावरून निघता येईना, पाऊस यायच्या आत मीठ हलवायचं होतं. म्हणून सोबत सर आले. मी गेटवर वाट बघत होते. वैजू झपाझप चालत आली. सर दहा पावलं मागे, तिची पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन. गेटच्या बाहेर एक झाड होतं, तिथे ते थांबले. पेटी खाली ठेवली.

"तुमी जा," म्हणाले. "मी हाय हितं."

वैजू म्हणाली की मॅडमनी तुम्हाला चहाला बोलावलंय. सर म्हणाले, चहा गाडीत झाला. मी म्हटलं, सर, आमचं मैदान तरी बघा. ते गेटकडे बघत राहिले. मग जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी तिथे उभ्या उभ्या सांगितलं. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे. गावच्या मॅचला मुंबईहून एका कॉलेजचे कुणी आले होते. त्यांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, जूनमध्ये ये, तुझी जागा ठेवतो. जूनमध्ये सर पेटी आणि तांदळाचं गाठोडं घेऊन गेले. गेटवरच्या माणसाने विचारलं, कुणाला भेटायचंय. पाठ थोपटणाऱ्याचं पूर्ण नावही सरांना माहीत नव्हतं. तसे कुणी आता इथे नाहीत, असं गेटवरून सांगितलं. सर दिवसभर गेटबाहेर बसले आणि संध्याकाळी परत फिरले.

"गावात सांगितलं, मुंबईचं पानी मानवलं नाय," सर म्हणाले. "आत गेलोच नाय. हेच नव्हं, पन असंच गेट होतं."

वैजूने सरांचा हात धरला, जो आजवर आमच्यापैकी कुणीच धरला नव्हता, आणि त्यांना गेटपर्यंत आणलं. वॉचमनने टेबलावरची वही पुढे सरकवली. नाव, कुठून आलात, कुणाला भेटायचं, काम. सरांनी खिशातलं पेन काढलं. नाव लिहिलं. रोहा लिहिलं. मॅडमचं नाव पूर्ण लिहिलं, पदासकट. कामाच्या रकान्यापाशी जरा थांबले आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, "प्रवेश."

वॉचमनने वही फिरवून वाचली. मग सरांच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे बघितलं. "कोणाचा प्रवेश?" त्याने विचारलं.

सरांनी विचार केला. "आधी हिचा लिवा," म्हणाले, पेटी उचलून खांद्यावर घेतली आणि आत गेले.